फळमाशी अंडी कुठे घालते, आणि तिथेच का?

फळमाशीच्या अळीला पाय नसतात. ज्या फळात ती अंड्यातून बाहेर येते, त्याच फळात तिला वाढावं लागतं. ते फळ विषारी निघालं, फार कच्चं निघालं किंवा आधीच दुसऱ्या अळ्यांनी भरलेलं निघालं, तरी शेजारच्या फळात मुक्काम हलवणं तिला जमत नाही. तिच्या जन्माआधीच तिचं बरंचसं भवितव्य ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरवलेलं असतं तिच्या आईनं, फळावर घालवलेल्या काही मिनिटांत. ही आई पुढे पिल्लांना भरवत नाही, त्यांची राखण करत नाही. जागा निवडणं एवढंच तिच्या हाती असतं, आणि त्या एका कामासाठी तिच्याकडे असलेली तयारी थक्क करणारी आहे.

कीटकशास्त्राच्या पुस्तकांत प्रत्येक फळमाशीपुढे तिच्या यजमान झाडांची, म्हणजे ज्यांच्या फळांत तिच्या अळ्या वाढतात त्या झाडांची, यादी असते. भूमध्य फळमाशीपुढे अडीचशेहून जास्त झाडं, ऑलिव्ह माशीपुढे फक्त ऑलिव्ह. या याद्या कामाच्या आहेत, पण त्या वाचताना नकळत असं वाटू लागतं की माशीच्या डोक्यातही अशीच यादी आहे: फळ यादीत असलं तर हो, नसलं तर नाही. प्रत्यक्षात माशीची आवड म्हणजे एक उतरंड असते. काही फळं वर, काही खाली. त्या उतरंडीत आज किती खाली उतरायचं हे मात्र रोज नव्यानं ठरतं: पोटात किती अंडी तयार आहेत, आसपास दुसरं काय मिळतंय, या फळावर आधी कोणी येऊन गेलंय का, जवळपास शत्रू दिसतोय का, यावर. एकच माशी एकच फळ सकाळी नाकारून संध्याकाळी स्वीकारू शकते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी. फळमाशी म्हणून दोन अगदी निराळ्या कुळांतल्या माश्या ओळखल्या जातात. पहिलं कुळ टेफ्रिटिडी. या घरमाशीएवढ्या किंवा थोड्या लहान, पंखांवर बहुधा पट्टे किंवा नक्षी असलेल्या. चांगल्या, धडधाकट फळाची साल भोसकून आत अंडी घालतात. बागायतदारांची डोकेदुखी ती हीच. दुसरं कुळ ड्रोसोफिलिडी. पिकून आंबू लागलेल्या फळाभोवती घोंघावणारी, दोन-तीन मिलिमीटरची, चिलटासारखी दिसणारी माशी यातली. प्रयोगशाळांमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ वाढवली जाणारी ड्रोसोफिला मेलानोगास्टर ती हीच. दोघींचं जगणं वेगळं असलं तरी अंडी घालायची जागा शोधण्याचा पेच दोघींपुढे आहे.

आता एका माशीकडे जवळून पाहू. उत्तर अमेरिकेत सफरचंदावर येणारी ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला. मादी झाडाच्या शोधात निघते तेव्हा लांबून तिला फळ दिसत नाही, त्याचा वास येतो. पिकत्या सफरचंदातून काही एस्टर हवेत सुटतात, ब्युटिल हेक्झानोएट हा त्यातला एक महत्त्वाचा. हा वास धरून ती वाऱ्याच्या उलट दिशेनं उडत येते. झाडाजवळ पोचली की सूत्रं डोळ्यांकडे जातात. उजेडाच्या पार्श्वभूमीवर गडद, गोल असं काही दिसलं की ती तिथे उतरते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले रोनाल्ड प्रोकोपी यांनी आयुष्यभर या माशीचा पाठपुरावा केला. सुमारे 8 सेंटीमीटर व्यासाचे लाल गोळे चिकट द्रव लावून झाडावर टांगले तर माद्या त्यांच्यावर येऊन चिकटतात, हे त्यांनी दाखवलं. सफरचंदाच्या बागांमध्ये माशीवर नजर ठेवायला असे गोळे आजही वापरतात.

फळावर उतरल्यावर खरी तपासणी सुरू होते. माशी फळावर इकडून तिकडे चालते, आणि चालता चालता पायांनी चव घेत असते. तिच्या पावलांवर चव ओळखणारे केस असतात. मग ती थांबते, पोट खाली वाकवते आणि अंडनलिका सालीत खुपसते. अंडनलिकेच्या टोकावरही संवेदी केस असतात, त्यामुळे आतल्या गराची परीक्षा अंडं सोडायच्या आधी होते. परीक्षेत फळ नापास झालं तर ती अंडनलिका काढून घेते आणि निघून जाते. फळावर डंख दिसतो पण कापून पाहिलं तर आत अंडं सापडत नाही, याचं एक कारण हे.

फळ पास झालं तर ही माशी एका डंखात एकच अंडं घालते. त्यानंतर ती जे करते ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. ती लगेच उडून जात नाही. अंडनलिका बाहेरच ठेवून, ती सालीवर घासत फळावर गोल गोल फिरते. त्या वाटेवर एक रसायन सांडत जातं. पुढे दुसरी मादी या फळावर आली की तिच्या पायांना ते रसायन लागतं, आणि बहुतेक वेळा ती अंडं न घालताच निघून जाते. प्रोकोपी यांनी 1972 मध्ये या खुणेचा पुरावा प्रसिद्ध केला. या माशीचं मूळ फळ म्हणजे हॉथॉर्न या काटेरी झाडाचं बोराएवढं फळ, त्यात साधारण एकाच अळीचं पोट भरतं. दुसरं अंडं पडलं तर दोघींपैकी एकीची उपासमार ठरलेली. तेव्हा ही खूण मानण्यात नंतर येणाऱ्या मादीचाही फायदा असतो. ती दुसरीकडे रिकामं फळ शोधू शकते. खूण पाण्यात विरघळणारी असते, जोराच्या पावसानं धुऊन जाते. आणि तिचा तोटाही आहे. ओपियस लेक्टस नावाची एक बारीकशी परजीवी गांधीलमाशी हीच खूण वाचते, अंडं कोणत्या फळात आहे ते शोधते आणि त्यात स्वतःचं अंडं घालते.

ऑलिव्ह माशी हेच काम दुसऱ्या पद्धतीनं करते. तिच्या डंखातून ऑलिव्हचा रस पाझरतो, तो ती तोंडानं टिपते आणि आसपासच्या सालीवर पसरवते. तो रस दुसऱ्या माद्यांना परावृत्त करतो. म्हणजे इथे खुणेचं रसायन फळाचंच, फक्त जागा बदललेली.

पण सगळ्या फळमाश्या असं वागत नाहीत. भूमध्य फळमाशी आणि आंब्यावर येणारी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस यांच्या माद्या फळावर आधीपासून असलेलं भोक किंवा चीर दिसली तर अनेकदा तिथेच अंडी घालतात. या माश्या एका वेळी अनेक अंडी घालतात, आंब्याएवढ्या फळात पुष्कळ अळ्या मावतात, आणि जाड साल भोसकणं हे कष्टाचं, वेळखाऊ काम असतं. आंब्याच्या सालीत चीक असतो, संत्र्या-लिंबाच्या सालीत तेलाच्या पिशव्या असतात, त्यातलं तेल अंड्यांना आणि कोवळ्या अळ्यांना मारक ठरतं. आयतं भोक मिळालं तर हा सगळा अडथळा टळतो. ‘इथे आधी कोणीतरी अंडी घालून गेलंय’ हा एकच निरोप लहान फळावर ‘निघून जा’ असं सांगतो, मोठ्या आणि जाड सालीच्या फळावर ‘ये, वाट तयार आहे’ असं.

उतरंडीत किती खाली उतरायचं हे कसं ठरतं? मुख्य गोष्ट म्हणजे पोटातली अंडी. मादी कोषातून बाहेर येते तेव्हा तिच्याकडे तयार अंडी नसतात. ती पिकायला काही दिवस आणि प्रथिनं लागतात. पानांवरचा मधुरस, पक्ष्यांची विष्ठा, जिवाणूंची वाढ अशा ठिकाणांहून मादी ही प्रथिनं मिळवते. अंडी तयार झाली आणि आवडीचं फळ सापडत नसलं, की दिवसागणिक तिचा निकष सैल होत जातो. भाड्याची खोली शोधणारा माणूस पहिल्या आठवड्यात उजेड, पाणी, शेजार सगळं पाहतो. महिना संपत आला की डोक्यावर छप्पर असलं तरी पुरे म्हणतो. आवड तीच असते, चाळणी सैल झालेली असते. अनुभवाचाही वाटा असतो. ऱ्हॅगोलेटिसच्या ज्या माद्यांना काही काळ फक्त हॉथॉर्नची फळं दिली होती, त्या नंतर सफरचंद जास्त वेळा नाकारू लागल्या. सफरचंदावर राहिलेल्यांचं उलट झालं. इवल्याशा मेंदूची माशीही शिकते, आणि शिकलेलं अंडी घालताना वापरते.

ड्रोसोफिलाच्या बाबतीत हा निर्णय चेतापेशींच्या पातळीवर उलगडता आला आहे, कारण तिचे जनुक एकेक करून बंद-चालू करता येतात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माद्यांना अंडी घालायला दोन जागा दिल्या, एक साखरेची आणि एक बिनसाखरेची. साखर त्यांना खायला आवडते, तरी त्यांनी बिनसाखरेची जागा निवडली. मग फक्त साखरेचीच जागा ठेवली, तर तिथे त्यांनी बिनदिक्कत अंडी घातली. साखर वाईट असं त्यांनी मुळी ठरवलेलंच नव्हतं. दुसरं काय उपलब्ध आहे हे पाहून ठरवलं होतं. व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लाचंही असंच. त्याच्या तीव्र वासापासून माद्या दूर राहतात, पण अंडं घालायची वेळ आली की नेमक्या त्याच जागी जातात, अंडं घालतात आणि परत बाजूला होतात. वास दूर ढकलतो, चव जवळ बोलावते. स्वतः कुठे राहायचं आणि पिल्लांना कुठे ठेवायचं, हे दोन प्रश्न माशी वेगवेगळे सोडवते.

आवडीमागे शत्रूची भीतीही असते. ड्रोसोफिलाच्या अळ्यांमध्ये अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या हा तिचा सर्वांत मोठा शत्रू. काही ठिकाणी बहुतेक अळ्या त्यांनाच बळी पडतात. जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक रासायनिक परिसंस्थाशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की ड्रोसोफिला मेलानोगास्टरच्या माद्यांना अंडी घालायला संत्रावर्गातली फळं विशेष आवडतात, आणि ही आवड लिमोनीन, व्हॅलेन्सिनसारखी रसायनं ओळखणाऱ्या एकाच प्रकारच्या गंधग्राहीवर टेकलेली आहे. त्या गंधपेशी बंद केल्या की आवड नाहीशी. यातली मेख अशी की त्या गांधीलमाश्यांना व्हॅलेन्सिनचा वास नकोसा असतो. म्हणजे संत्र्याचा वास अळ्यांसाठी आडोसा ठरतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातून आणखी एक प्रयोग आला. गांधीलमाश्यांसोबत ठेवलेल्या माद्या नंतर अंडी घालायला जास्त मद्यार्क असलेलं अन्न निवडू लागल्या. मद्यार्क ड्रोसोफिलाच्या अळ्यांना बऱ्यापैकी सोसतो, त्यांच्या अंगात वाढणाऱ्या परजीवीला सोसत नाही. हे सगळं निव्वळ पाहण्यावर अवलंबून होतं. ज्या माश्यांना दिसत नव्हतं त्यांनी निवड बदलली नाही.

काही जातींमध्ये आवड इतकी टोकाला गेली आहे की तिची गरज बनली आहे. सेशेल्स बेटांवरची ड्रोसोफिला सेशेलिया ही नोनीच्या फळावर, म्हणजे बारतोंडीच्या जातकुळीतल्या फळावर, अंडी घालते. या फळात ऑक्टॅनोइक आम्ल भरपूर असतं आणि ते बाकीच्या ड्रोसोफिला जातींना मारतं. सेशेलिया मात्र ते सहन करते आणि त्याच्याकडेच ओढली जाते; नोनीचे वास ओळखणाऱ्या गंधपेशींची संख्या तिच्या शृंगिकांवर वाढलेली आहे. फायदा उघड आहे: ज्या फळावर दुसरं कोणी येऊ शकत नाही तिथे स्पर्धाच नाही. पण 2014 मध्ये लक्षात आलं की तिच्या शरीरात डोपामीन हे संदेशवाहक रसायन कमी तयार होतं, आणि ती उणीव नोनीतल्या एल-डोपानं, म्हणजे ज्यापासून डोपामीन बनतं त्या पदार्थानं, भरून निघते. नोनी मिळाली नाही तर तिची अंडी घटतात.

याच गोतावळ्यातल्या ड्रोसोफिला सुझुकीनं उलट्या बाजूला उडी घेतली. तिचे बहुतेक नातलग कुजत्या फळावर समाधानी असताना ही पिकू लागलेल्या, अजून झाडावर असलेल्या चेरी, स्ट्रॉबेरी, रास्पबेरीवर जाते. त्यासाठी तिची अंडनलिका लांब झाली आहे आणि तिच्या कडेला करवतीसारखे कडक दात आहेत. पण नुसतं हत्यार पुरत नाही. आंबण्याच्या वासाची ओढ कमी व्हावी लागते, टणक पृष्ठभागावर अंडं घालायची तयारी लागते, ताज्या फळाचा वास ओढून घ्यावा लागतो. तिच्या जवळच्या जातींशी तुलना केल्यावर दिसतं की हे बदल एका झटक्यात न होता टप्प्याटप्प्यानं झाले. मूळची पूर्व आशियातली ही माशी 2008 मध्ये कॅलिफोर्नियात, स्पेनमध्ये आणि इटलीत सापडली, आणि तिथून दोन्ही खंडांत पसरली.

आवड बदलली तर जात बदलू शकते का? ऱ्हॅगोलेटिस पोमोनेलाच्या निमित्तानं हा प्रश्न दीडशे वर्षं चर्चेत आहे. ही माशी मुळात हॉथॉर्नवरची. सफरचंद युरोपीय वसाहतकऱ्यांनी अमेरिकेत नेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्ककडच्या हडसन नदीच्या खोऱ्यात या अळ्या सफरचंदात दिसू लागल्या, आणि कीटकशास्त्रज्ञ बेंजामिन वॉल्श यांनी 1860च्या दशकात मांडलं की यजमान झाड बदलल्यामुळे इथे नवी जात घडत असावी. पुढे विसाव्या शतकात जीवशास्त्रज्ञ गाय बुश आणि जेफ्री फेडर यांनी हा धागा उचलला. कळीची गोष्ट अशी की या माश्यांचं मीलन यजमान फळावरच होतं. नर फळावर वाट पाहत बसतात. म्हणून फळ निवडणं म्हणजे जोडीदारही निवडणं. त्यात सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं आणि प्रौढ माशी जेमतेम महिनाभर जगते, त्यामुळे दोन गटांच्या गाठीभेटी कमी होतात. वासाचंही तसंच: सफरचंदावरच्या माश्या सफरचंदाच्या वासाकडे येतात, त्यात हॉथॉर्नचा वास मिसळला तर मागे फिरतात. मधे डोंगर नाही, नदी नाही, दोन्ही झाडं कधी कधी एकाच माळावर, तरी दोन गटांचे जनुक हळूहळू वेगळे होत चालले आहेत. या अळ्यांवर जगणाऱ्या डायकॅस्मा अॅलोइयम या गांधीलमाशीतही तसेच गट पडू लागल्याचं 2009 मध्ये दाखवलं गेलं.

मग आईची निवड नेहमी बरोबर असते का? नाही. एकाच झाडावर किंवा मोजक्या झाडांवर जगणाऱ्या कीटकांमध्ये आईची आवड आणि अळीची वाढ यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो. शेकडो फळांवर जाणाऱ्यांमध्ये तो सैल असतो. लिंबाच्या सालीत घातलेली भूमध्य फळमाशीची बहुतेक अंडी आणि अळ्या तेलामुळे मरतात, तरी माद्या लिंबावर अंडी घालतात. माझ्या मते यात आश्चर्य नाही: अनेक फळं वापरणाऱ्या माशीला प्रत्येक फळाची बारीक पारख जमवणं महाग पडतं, आणि एखादं अंडं वाया गेलं तरी तिच्याकडे शेकडो उरतात.

हे सगळं नीट कळण्याला व्यवहारात मोठी किंमत आहे. मिथाइल युजेनॉल या नरांना ओढणाऱ्या वासाच्या रसायनाचे सापळे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसचे नर पकडतात. अंडी घालणारी मादी त्यांना दाद देत नाही. नर पुरेसे घटले तरच माद्यांची अंडी निष्फळ राहतात, आणि आधीच मीलन झालेली मादी बाहेरून उडत आली तर सापळ्यांचा तिला काहीच अडसर होत नाही. तिच्यासाठी प्रथिनांचं आमिष लागतं, आणि ते कुठे ठेवायचं हेही तिच्या वागण्यावरून ठरतं. काकडीवर्गावर येणारी मेलन माशी वेलींवर राहतच नाही; ती कडेच्या उंच झाडोऱ्यात मुक्काम करते आणि फक्त अंडी घालायला वेलीवर येते. हे लक्षात आल्यावर हवाईमध्ये पिकाच्या कडेनं मका किंवा ज्वारीवर्गातल्या गवताच्या ओळी लावून त्यांवर आमिष फवारण्याची पद्धत बसली.

फळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारातही हाच प्रश्न उभा राहतो: हे फळ या माशीचं यजमान आहे का? पिंजऱ्यात अंड्यांनी भरलेल्या माद्या आणि एकच फळ कोंडलं, तर चाळणी सैल झालेली मादी ज्या फळाकडे बागेत ढुंकूनही पाहणार नाही त्यातही अंडी घालेल. तेवढ्यावरून त्याला यजमान ठरवलं तर शेतकऱ्यांवर विनाकारण बंदी येते. मेक्सिकोतल्या हास जातीच्या अॅव्होकॅडोचं उदाहरण बोलकं आहे. अॅनास्ट्रेफा लुडेन्स ही माशी झाडावरच्या हास फळांसोबत कोंडूनही त्यांत अळ्या वाढल्या नाहीत. फळ तोडल्यावर मात्र त्याची प्रतिकारशक्ती ओसरत गेली. म्हणून फळाची जात, पक्वता, फळ झाडावरचं की तोडलेलं, साल अखंड की फुटलेली, हे सगळं पाहावं लागतं. हवाईतून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर केळी पाठवायचा नियम याच समजुतीवर उभा आहे. हिरवी असतानाच तोडलेली केळी चालतात, कारण हिरव्या केळ्यात फळमाशीची वाढ होत नाही. पण हिरव्या घडात एखादं केळं आधीच पिवळं पडलेलं असेल, दोन केळी जुळी चिकटलेली असतील किंवा साल फुटून गर उघडा पडला असेल, तर ती केळी पाठवता येत नाहीत.